मारुती ८०० आणि पद्मिनीचं आयडलिंग घरच्या घरी कसं सेट करायचं

सिग्नलला उभं राहिलं की इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. किंवा पाय काढला तरी रेस उतरत नाही, गाडी ब्रेकवर दाबून धरावी लागते. जुनी कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) गाडी नव्याने घेतलेल्या किंवा घरातली गाडी पुन्हा रस्त्यावर आणलेल्या जवळपास प्रत्येकाला यातलं काही ना काही भोगावं लागतं. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेतो, कार्बोरेटरवरचा एक स्क्रू पाव फेरा आवळतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि "झालं काम" म्हणून बॉनेट लावलं जातं. आठवड्याभरात तीच तक्रार परत येते, आणि आता पेट्रोलही जास्त लागतं.

आयडलिंग म्हणजे रेस न देता इंजिन आपल्या आपण फिरतं तो वेग, आणि त्याचा स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो. प्लग, पॉइंट, टायमिंग, व्हॅक्यूमचे पाइप, केबल यांतलं काहीही बिघडलं तरी ते पहिल्यांदा आयडलिंगलाच जाणवतं. वेगात असताना इंजिनात भरपूर हवा-पेट्रोल जात असतं, त्यामुळे छोटे दोष झाकले जातात. आयडलिंगला मात्र इंजिनाची हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते आणि इंजिन एका बारीक छिद्रातून येणाऱ्या पेट्रोलवर चालतं. तिथे थोडीशी जादा हवा शिरली तरी इंजिन अडखळतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. चौथी पायरी कंटाळवाणी वाटेल, पण निम्म्याहून जास्त गाड्या तिथेच सुधारतात आणि स्क्रूला हात लावावाच लागत नाही.

मी इथे मारुती ८०० आणि प्रीमियर पद्मिनी समोर ठेवून लिहितोय. पहिलीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, दुसरीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं. अँबेसेडर, जुनी ओम्नी, जिप्सी यांनाही तत्त्व हेच लागू होतं, फक्त स्क्रूच्या जागा बदलतात.

१. गाडी कार्बोरेटरचीच आहे ना, खात्री करा

पद्मिनी असेल तर प्रश्नच नाही. मारुती ८०० मात्र १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती आणि साल २००० च्या आगेमागे तिच्यात एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं, इंजिन आलं. त्या काळातली गाडी असेल तर नुसत्या आरसी बुकावरच्या सालावर जाऊ नका, बॉनेट उघडून बघा. डॅशबोर्डवर चोकची खुंटी असेल आणि एअर फिल्टरचा डबा थेट कार्बोरेटरच्या डोक्यावर बसलेला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मीटरमध्ये चेक इंजिनचा दिवा असेल तर गाडी इंजेक्शनची आहे.

इंजेक्शनच्या गाडीत आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे थ्रॉटल बॉडीवर एक छोटा स्क्रू दिसतो, पण तो कारखान्यात लावलेला असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. आयडलिंग बिघडलं असेल तर थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा व्हॉल्व्ह साफ करून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये न्या.

२. काय काय जवळ हवं

कागदांपैकी दोन: गाडीचं मॅन्युअल आणि मागची पीयूसीची पावती. मॅन्युअलमध्ये आयडलिंगचा आकडा, प्लगची गॅप, टायमिंग सगळं मिळतं. मॅन्युअल नसेल तर बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर आहे का बघा. पीयूसीच्या पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसीचे (न जळलेल्या पेट्रोलचे) आकडे छापलेले असतात. इंजिनात पेट्रोल जास्त जातंय का, हे त्यावरून काम सुरू करण्याआधीच कळतं.

हत्यारं:

- चपट्या तोंडाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक लांब आणि एक आखूड
- प्लग पाना, साधे पाने आणि पक्कड
- फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या)
- आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मोजायचं काही साधन
- कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, पॉलिश पेपर, सुती फडकं
- अर्धा मीटर रबरी नळी
- टॉर्च, खडू किंवा मार्कर, वही आणि पेन
- आग विझवायचं छोटं सिलिंडर. नसेल तर कोरड्या वाळूची बादली

टायमिंग लाइट असेल तर उत्तम. नसेल तर टायमिंगपुरतं मेकॅनिककडे जा, ते काम अंदाजाने करू नका.

आरपीएमबद्दल थोडं. मारुती ८०० च्या बहुतेक गाड्यांत टॅकोमीटर नाही, पद्मिनीतही नाही. गाड्यांसाठीच्या मल्टिमीटरमध्ये टॅको असतो, तो ज्यांना असली कामं वारंवार करायची आहेत त्यांनी जरूर घ्यावा. फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारी अ‍ॅप्स असतात, त्यांवरही काम निभावतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. म्हणून तीन सिलिंडरचं इंजिन ९०० आरपीएमवर सेकंदाला साडेबावीस ठोके देतं, चार सिलिंडरचं तीस. अ‍ॅपवर दिसलेल्या हर्ट्झला १२० ने गुणा आणि सिलिंडरच्या संख्येने भागा, आरपीएम मिळतो. फोन सायलेन्सरच्या नळीपासून हातभर लांब धरा. नुसत्या कानावर आयडलिंग लावणारे जुने मिस्त्री आहेत आणि त्यांचा हात पक्का असतो, पण नवशिक्याच्या कानाला आयडलिंग नेहमी खरं असतं त्यापेक्षा कमी वाटतं आणि तो ते वाढवून ठेवतो.

३. जागा आणि काळजी

उघड्यावर काम करा. बंद गॅरेजमध्ये किंवा बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणूस मारतो.

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा. ओढणी, मफलर, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, हातातलं घड्याळ आधी बाजूला. मारुती ८०० चा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन तापलं की न सांगता सुरू होतो. पद्मिनीचा पंखा इंजिन चालू असेपर्यंत फिरतच असतो. दोन्हीकडे बोटं लांब. कार्बोरेटरच्या आसपास विडी-सिगारेट नाही, आणि गरम इंजिनावर क्लीनरचा स्प्रे मारायचा नाही.

४. स्क्रूच्या आधीची तपासणी

इंजिन थंड असताना या क्रमाने बघत जा.

*एअर फिल्टर.* काढून उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर बदला. घाटावर धुळीच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या फार आधी भरतो.

*चोक आणि केबल.* चोकची खुंटी पूर्ण आत ढकला आणि कार्बोरेटरच्या तोंडातली चोकची चकती पूर्ण उभी झाली का ते डोळ्यांनी बघा. केबल गंजून अडकली असेल तर खुंटी आत जाते पण चकती अर्धवट आडवी राहते. इंजिन काळा धूर देतं, आयडलिंगही चढलेलं राहतं, कारण चोकच्या दांड्याला थ्रॉटल जोडलेला असतो. मग अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने दाबून बघा, थोडी सैल हवी. ती ताणलेली असेल तर थ्रॉटल स्क्रूवर टेकतच नाही, आणि तुम्ही स्क्रू कितीही फिरवला तरी काही फरक पडत नाही. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

*प्लग.* सगळे काढून ओळीने ठेवा, कुठल्या सिलिंडरचा कुठला ते खडूने लिहा. टोक फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकं म्हणजे कमी, ओलं तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा आहे, कार्बोरेटरचा नाही. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

*पॉइंट.* ज्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरमध्ये (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागात) पॉइंट आहेत तिथे कॅप उघडून पॉइंटचे टोक बघा. खड्डे पडले असतील तर सेट बदला, घासून वापरू नका. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी असते, नक्की आकडा मॅन्युअलचा. कॅपच्या आतून बारीक काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, कॅप बदलायची. कोकणात पावसाळ्यात सकाळी गाडी मिसिंग करते आणि उन्हं वर आल्यावर सुधारते, त्यामागे बहुतेक वेळा ही कॅप आणि जुन्या प्लग वायरीच असतात.

*टायमिंग.* टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ती वेळ. आयडलिंगच्या आधी टायमिंग, हा नियम. टायमिंग पुढे घेतलं की आयडलिंग आपोआप चढतं, मागे घेतलं की उतरतं. आधी आयडलिंग लावून नंतर टायमिंग हलवलंत तर सगळं पुन्हा करावं लागतं. टायमिंग बघताना डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं की तशीच ठेवायची, हे मॅन्युअलमध्ये बघून करा.

*टॅपेट.* व्हॉल्व्ह उघडणारे हे भाग आवाज करत असतील किंवा बरेच दिवस झाले असतील तर त्यांची फट लावून घ्या. फार आवळलेला टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, आणि ते सिलिंडर आयडलिंगला मार खातं.

*व्हॅक्यूमची गळती.* हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

थ्रॉटलच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये, इंजिन हवा ओढत असतं. तिथून काही पाइप निघतात: डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारा बारीक पाइप, इंजिनाच्या श्वासाचा पाइप, आणि ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत बूस्टरचा जाड पाइप. वीस-तीस वर्षांचं रबर बाहेरून चांगलं दिसतं, पण टोकाशी वाकवलं की बारीक चिरा उघडतात. प्रत्येक पाइपचं टोक अंगठ्याने वाकवून बघा. कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग बसकं झालं असेल किंवा नट ढिले असतील तरी हवा तिथूनच शिरते. हे नट सारखे, आडव्या क्रमाने आवळा. एकाच बाजूने जोर दिला तर कार्बोरेटरचं बूड वाकतं आणि गळती कायमची होते.

शोधायची सोपी रीत: इंजिन चालू करा, रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं पाइपांच्या सांध्यांवरून फिरवा. गळतीच्या जागी स्पष्ट शिट्टीसारखा आवाज येतो. नाहीतर एकेक पाइप पकडीने हलकेच, फडकं मध्ये घालून दाबा. एखादा पाइप दाबल्यावर आयडलिंग एकदम बदललं तर चोर सापडला. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबल्यावर इंजिन सुधारलं तर तो दोष आधी दुरुस्त करा. तो ब्रेकचा प्रश्न आहे, त्याला थांबवून ठेवू नका.

*पेट्रोलची बाजू.* टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप तपासा. सध्या पंपांवर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं मूळ रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, आतून सुटतं आणि त्याचे कण जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात) अडकतात. नवीन पाइप घेताना ते इथेनॉलला चालणारे आहेत ना, हे दुकानदाराला विचारूनच घ्या. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. कार्बोरेटरचं किटही तिथे मिळतं, पण स्वस्तातलं डुप्लिकेट किट घेऊ नका. त्यातलं पॅकिंग महिन्यात बसतं.

महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत आयडलचा जेट हमखास चोंदलेला असतो. तो काढून क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. तार किंवा सुई घालू नका, छिद्र मोठं झालं की तो जेट फेकायचाच.

कार्बोरेटरवर विजेच्या वायरचा छोटा सोलेनॉइड असेल तर इंजिन बंद असताना चावी ऑन करा, टक असा आवाज यायला हवा. आवाज नाही म्हणजे तो उघडत नाही, आयडलला पेट्रोल पोचत नाही. अशी गाडी रेस दिल्यावर झकास पळते आणि पाय काढला की तत्काळ बंद पडते. पुष्कळांनी या लक्षणावर अख्खा कार्बोरेटर बदललेला मी पाहिलाय, आणि दोष होता फक्त सुटलेल्या वायरचा.

५. इंजिन पूर्ण गरम करा

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा. नुसतं उभं ठेवून तापवलेलं इंजिन पुरेसं नाही. मारुतीत रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला की इंजिन तयार. पुढची सगळी कामं पंखा बंद असताना करा, कारण पंखा लागला की बॅटरीवर भार येतो आणि आरपीएम उतरतो. एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं बंद. चोक पूर्ण आत. एअर फिल्टर जागेवर बसवलेला. तो काढून सेट केलेलं आयडलिंग तो लावल्यावर बदलतं.

६. दोन स्क्रू ओळखा

एक स्पीड स्क्रू. काही जण त्याला रेस स्क्रू म्हणतात. तो थ्रॉटलच्या दांड्याला टेकलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने ओढली की जो दांडा हलतो, त्याच्याच टोकाशी तो सापडतो. आत आवळला की थ्रॉटल किंचित उघडते, रेस वाढते.

दुसरा मिक्श्चर स्क्रू. हा कार्बोरेटरच्या अगदी बुडाशी, थ्रॉटलच्या चकतीच्या पातळीला, अंगात घुसलेला असतो आणि बहुतेकदा त्याला स्प्रिंग असते. काही गाड्यांत कारखान्याने त्यावर टोपण बसवलेलं असतं. आत आवळला की पेट्रोल कमी, बाहेर सोडला की जास्त. मोटरसायकलवर काम करणाऱ्यांनी इथे सावध राहावं: अनेक मोटरसायकलींचा एअर स्क्रू बरोबर उलटा चालतो.

आता मूळ जागा लिहून ठेवायची. इंजिन बंद करा. दोन्ही स्क्रूंच्या खाचेसमोर मार्करने रेघ मारा. मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत आवळत जा आणि फेरे मोजा. बोटांना अडल्याचं जाणवलं की थांबा. जोर दिलात तर स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला चर पडते, बसायची जागाही खराब होते, आणि मग तो कार्बोरेटर कधीच नीट लागत नाही. फेरे वहीत लिहा, उदाहरणार्थ "बंद जागेपासून पावणेदोन". मग तेवढेच फेरे बाहेर सोडा. काहीही बिघडलं तरी आता परतीचा रस्ता तुमच्याकडे आहे.

७. आधी स्पीड

इंजिन सुरू करा. मॅन्युअलमधला आकडा गाठेपर्यंत स्पीड स्क्रू थोडा थोडा फिरवा. या गाड्यांचं गरम इंजिनाचं आयडलिंग साधारण ७५० ते ९५० आरपीएमच्या दरम्यान असतं. दरवेळी फिरवल्यावर अ‍ॅक्सिलरेटर एकदा हलका दाबून सोडा, दांडा परत येऊन नीट टेकतो का बघा, मग आकडा वाचा.

तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं. ८०० मध्ये बसल्यावर स्टिअरिंगला जी बारीक थरथर लागते ती घालवण्यासाठी रेस चढवू नका. थरथर अती असेल तर इंजिनाचे माउंटिंग बघा. तसंच ऑइलचा लाल दिवा आयडलिंगला लुकलुकत असेल आणि आरपीएम मात्र बरोबर असेल, तर रेस वाढवून दिवा विझवू नका. ऑइलची पातळी बघा आणि प्रेशर मोजून घ्या.

८. मग मिक्श्चर

इथे घाई चालत नाही. मिक्श्चर स्क्रू पाव फेरा आत आवळा आणि दहा सेकंद थांबा. पुन्हा पाव फेरा, पुन्हा थांबा. एका जागी इंजिन अडखळायला लागेल, आरपीएम उतरेल. ही कमी पेट्रोलची हद्द. आता तसाच पाव पाव फेरा बाहेर सोडत जा. आरपीएम चढत जाईल, एका टप्प्यावर चढणं थांबेल, आणि आणखी सोडल्यावर आवाज जड होऊन पुन्हा उतरेल. ही जास्त पेट्रोलची हद्द. या दोहोंच्या मधे, जिथे आरपीएम सगळ्यात वर आणि आवाज सगळ्यात सलग असतो, तिथे स्क्रू ठेवा.

मिक्श्चर सुधारलं की रेस चढते, म्हणून पुन्हा स्पीड स्क्रू सोडून आकडा खाली आणा. स्पीड बदलला की मिक्श्चर पुन्हा तपासा. दोन-तीन आवर्तनांत दोन्ही जागेवर येतात. शेवटी मिक्श्चर अगदी थोडा आत आवळा, आरपीएम वीस-तीसने उतरेल इतकाच. धूर स्वच्छ राहतो, पेट्रोल वाचतं.

ई-२० वर चालणाऱ्या गाडीत मात्र ही शेवटची कसर जपून करा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण आधीच पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडतं. पूर्वीपेक्षा स्क्रू अर्धा फेरा जास्त उघडा ठेवावा लागला तर घाबरायचं कारण नाही.

व्हॅक्यूम गेज मिळत असेल तर मॅनिफोल्डला लावा. तब्येतीने ठीक असलेलं इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. पुण्यासारख्या उंचीवर दोनेक इंच कमी दिसतं. काटा ठरावीक लयीत झटके मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा प्लग तपासायचा. उंचीचा परिणाम मिश्रणावरही होतो: महाबळेश्वरला हवा विरळ, म्हणून तिथे गाडी जास्त पेट्रोल खाल्ल्यासारखी वागते. चार दिवसांच्या सहलीसाठी स्क्रू फिरवू नका. खाली उतरल्यावर ती आपोआप ताळ्यावर येते.

आता दोन अडचणी, ज्या हटकून येतात.

मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत आवळला तरी इंजिन बंदच पडत नाही: म्हणजे पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. बहुतेक वेळा आधीच्या कोणीतरी स्पीड स्क्रू इतका आवळलेला असतो की थ्रॉटलची चकती पुढच्या छिद्रांच्या वर गेलेली असते आणि इंजिन त्या छिद्रांवर चालतं. स्पीड स्क्रू बराच सोडा, मिक्श्चर बंद जागेपासून दोन फेरे उघडा, आणि सातव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. तरीही तेच झालं तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी चढलेली आहे. फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह बघावे लागतील.

स्क्रू कितीही बाहेर सोडला तरी फरक पडत नाही: आयडलचा जेट चोंदलाय किंवा हवा कुठूनतरी शिरतेय. चौथ्या पायरीवर परत जा.

एखादं सिलिंडर मार खातंय असा संशय आला तर इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला पक्कं टेकवून अर्थ करा, मग सुरू करून आवाज ऐका. सगळ्या सिलिंडरांना आळीपाळीने असं करा. ज्याची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नव्हतं. चालू इंजिनावर हाताने वायर उपटू नका, जबर शॉक बसतो. वायर हवेत लोंबकळतही ठेवू नका, कॉइल जळते.

९. भार टाकून बघा

हेडलाइट आणि ब्लोअर लावा. आरपीएम किंचित उतरून सावरायला हवा. एसी असलेल्या ८०० मध्ये एसी लावल्यावर रेस आपोआप थोडी चढते, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह आणि वेगळा स्क्रू असतो. एसी लावल्यावर गाडी बंद पडते म्हणून मुख्य स्पीड स्क्रू आवळणं हा फार पसरलेला चुकीचा उपाय आहे. त्याने एसी बंद असताना रेस कायम चढलेली राहते. त्या व्हॉल्व्हचा पाइप आणि वायर तपासा.

१०. रस्त्यावर

वर्दळ नसलेल्या रस्त्यावर चालवा. चौथ्या गिअरमधून पाय काढून, क्लच दाबून गाडी थांबवा. रेस दोन-तीन सेकंदांत खाली येऊन स्थिर व्हायला हवी. खाली जाऊन हेलकावे खात असेल तर मिश्रण पातळ आहे. हळूहळू, रेंगाळत उतरत असेल तर केबल किंवा थ्रॉटलचा दांडा चिकट आहे. साफ करून एक थेंब तेल द्या. मग चावी बंद करून बघा. चावी काढल्यावरही इंजिन दोन-चार ठोके धडधडत राहिलं तर आयडलिंग अजून जास्त आहे किंवा आत कार्बन साचलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चोक ओढून सुरू करा आणि गरम होईपर्यंत चोक कसा कसा आत घेता येतो ते बघा. गरम इंजिनावर बरोबर लागलेली गाडी थंडीत चोकशिवाय बंद पडली तर ते स्वाभाविक आहे. त्यासाठी आयडलिंग वाढवायचं नाही.

११. पीयूसी केंद्रावर एक चक्कर

बीएस-२ (भारत स्टेज-२ हे प्रदूषणाचं मानक) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगला सीओची मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १५०० पीपीएम आहे. अशा गाड्यांची पीयूसी सहा महिने चालते. गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी असेल आणि आरटीओत नोंदणी नूतनीकरणाला न्यायची असेल, तर हे काम तिथे जाण्याच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे सुधारायला वेळ राहतो.

केंद्रावर गाडी गरम अवस्थेत न्या आणि आकडे नीट वाचा. सीओ जास्त, एचसी बेताचा: मिश्रण जाड आहे, मिक्श्चर थोडा आत घ्या. सीओ कमी पण एचसी जास्त: कुठेतरी ठिणगी चुकतेय किंवा मिश्रण फारच पातळ आहे, प्लग-वायरी आणि गळती पुन्हा बघा. दोन्ही जास्त: एअर फिल्टर, चोक आणि फ्लोट. केंद्रावरच्या माणसाने "स्क्रू आवळून पास करून देतो" म्हटलं तर नको म्हणा. मिक्श्चर पार आवळून पास झालेली गाडी रस्त्यावर बंद पडत राहते.

एवढं करूनही आयडलिंग टिकत नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि थ्रॉटलची दांडी बोटांनी वर-खाली हलवून बघा. ती कार्बोरेटरच्या अंगात खुळखुळत असेल तर हवा तिथूनच शिरते. मग दांडीचं बुश बसवून घ्यायचं किंवा कार्बोरेटर बदलायचा. मेकॅनिककडे जाताना वही बरोबर न्या: मूळ फेरे, आत्ताचे फेरे, आरपीएम, पीयूसीचे आकडे. "गाडी बंद पडते" एवढंच ऐकलेला मेकॅनिक पुन्हा स्पीड स्क्रूपासून सुरुवात करतो. हे आकडे समोर ठेवले की तो थेट दोषाकडे जातो.